अमानत ठेवायची पेटी

घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, आवाज आणि कागदपत्रं मिळून किती जागा लागते, हे यंदा मोजून काढलं. पाच मोबाइल, दोन लॅपटॉप, एक जुना डेस्कटॉप, तीन पेनड्राइव्ह, सात-आठ मेमरी कार्डं आणि निकाहाच्या चार डीव्हीडी. एकच फोटो चार ठिकाणी असेल तर तो एकदाच धरायचा, असं ठरवून बेरीज केली. ती १.६ टीबी आली, म्हणजे साधारण १६०० जीबी. दर वर्षी त्यात दोनशे जीबीची भर पडते.

घरच्या नेटवर्कवर ठेवायची, एकापेक्षा जास्त हार्ड डिस्क बसणारी पेटी घ्यायची असेल, तर पहिलं काम हे मोजणीचं. दुकानात गेलं की दुकानदार आधी विचारतो, “चार खणांची हवी की सहा?” आपल्याकडे आकडा असला की त्याला उत्तर देता येतं. नाहीतर गल्लीतल्या लग्नाला गावजेवणाची कढई आणल्यासारखं होतं.

आता या १६०० जीबीत आहे काय, तेही सांगतो. निम्म्याहून जास्त तर लग्नं, अकीके, सहली आणि मुलांचे व्हिडिओ. ते गेले तर वाईट वाटेल, पण दिवस निघतील. खरी चिंता आहे ती उरलेल्या थोडक्या जागेची. त्यात दादीच्या आवाजातल्या सव्वीस फाइली आहेत. जात्यावर म्हणायच्या ओव्या, लग्नात हळदीला म्हणायची गाणी आणि मोहरमच्या दिवसांत ती जे पुटपुटायची ते. तिची भाषा उर्दू नव्हती आणि पुस्तकी मराठीही नव्हती. खान्देशातल्या बाया बोलतात ती होती, मध्येच दखनी शब्द येणारी. आता दादी नाही. ती गाणी घरात दुसऱ्या कोणालाही पूर्ण येत नाहीत. सगळ्या फाइली मिळून चारशे एमबीसुद्धा भरत नाहीत आणि त्या चुलतभावाच्या एका जुन्या फोनच्या कार्डात होत्या.

दुसरी गोष्ट कागदांची. पणजोबांच्या वेळचं खरेदीखत, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, अब्बांची नेमणुकीची ऑर्डर, जुनी रेशनकार्डं, जन्माचे आणि मृत्यूचे दाखले. ३१ ऑगस्ट २०१९ला आसामची एनआरसीची अंतिम यादी आली आणि तिच्यातून १९ लाखांहून जास्त माणसांची नावं वगळली गेली. आसाम नशिराबादहून फार लांब आहे, पण त्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरल्या होत्या. कोणाच्या दाखल्यावर ‘शेख’, तर कोणाच्या दाखल्यावर ‘शे.’. कोणाच्या कागदाला वाळवी, कोणाची शाई पसरलेली. आणि गेल्या वर्षी वक्फ कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ६ जून २०२५ला उमीद पोर्टल सुरू झालं. मशिदी, दर्गे, कब्रस्तानं यांचे कागद सहा महिन्यांत तिथे चढवायचे होते. स्कॅनर म्हणजे काय हे ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं, ते बुजुर्ग पिशवीत दस्त घेऊन फिरू लागले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे. कचेरीत मूळ कागद किंवा सही-शिक्क्याची नक्कलच चालते. पण स्कॅन जवळ असेल तर दस्ताचा नंबर, तारीख आणि गट नंबर कळतो. तेवढ्यावर दुय्यम निबंधकाकडे किंवा तहसीलमध्ये नक्कल मागता येते. नंबरच माहीत नसेल तर माणूस खिडकीपाशी उभा राहून नुसता “खूप जुना कागद होता हो साहेब” म्हणत राहतो.

मग हे सगळं गुगलवर का ठेवलं नाही? थोडं ठेवलंय. पण १ जून २०२१पासून गुगल फोटोजची अमर्याद मोफत जागा बंद झाली. आता एका खात्याला १५ जीबी फुकट, पुढे दर वर्षी भाडं. भाडं थकलं की काय होतं, हे घरमालकाकडे राहिलेल्या माणसाला सांगायला नको. शिवाय घरातल्या बायकांचे लग्नातले फोटो कुठल्या तरी परक्या कॉम्प्युटरवर जाणं अम्मीला पसंत नाही. तिच्या म्हणण्याला मी मागासलेपणा म्हणत नाही. आपली वस्तू आपल्या घरात असावी, इतकंच तिचं म्हणणं आहे.

म्हणून पेटी. बाजारात तिचे तीन प्रकार मिळतात.

पहिला प्रकार यूएसबीची पेटी. दोन किंवा चार डिस्का बसतात, एक केबल निघते आणि ती कॉम्प्युटरला लागते. सगळ्यात स्वस्त हीच. पण ती स्वतः काही करत नाही. कॉम्प्युटर चालू असेल तरच घरातल्या इतरांना ती दिसते. काही पेट्यांमध्ये डिस्का जोडून एकत्र वापरायची सोय आतल्या चिपमध्येच असते. ती चिप किंवा ते सर्किट गेलं, तर डिस्का शाबूत असूनही दुसऱ्या कंपनीच्या पेटीत त्या वाचता येतीलच असं नाही. म्हणजे कुलूप तुटलं नाही, पण किल्ली हरवली.

दुसरा प्रकार तयार नॅस. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडायची साठवण. पेटीच्या आत छोटा कॉम्प्युटर असतो, ती राउटरला जोडायची आणि घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना ती दिसते. सिनॉलॉजी, क्यूनॅप, टेरामास्टर, असुस्टोर अशी नावं आहेत. एक लक्षात ठेवायचं, या पेट्या बहुतेक रिकाम्या विकल्या जातात. डिस्का वेगळ्या घ्याव्या लागतात आणि पुष्कळदा पेटीपेक्षा डिस्कांचीच रक्कम मोठी होते. जाहिरातीतला आकडा बघून हुरळायचं नाही.

तिसरा प्रकार जुगाडाचा. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घ्यायचा, त्यात डिस्का बसवायच्या आणि ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस यांच्यासारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकायचं. जळगावच्या गोलाणी मार्केटच्या परिसरात चौकशी केली तर असे डेस्कटॉप मिळतात. ताकद भरपूर, खर्च कमी. हाताला सवय असेल तर याच्यासारखा सौदा नाही.

मग वीजबिलाचा हिशेब मांडला. जुना डेस्कटॉप साधारण ६० वॅट खातो असं धरलं, तर चोवीस तास आणि तीस दिवस मिळून ४३ युनिट होतात. दोन डिस्कांची नॅस २० वॅटच्या आसपास धरली, तर महिन्याला साडेचौदा युनिट. फरक साडेअठ्ठावीस युनिटांचा, दर महिन्याला, पाच-सहा वर्षं. आपल्या बिलावरचा युनिटचा दर आणि इतर आकार लावून गुणाकार करून बघा. स्वस्त पेटी तितकीशी स्वस्त राहत नाही.

आता डिस्का किती, हा प्रश्न. इथे ‘रेड’ हा शब्द येतो. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. महागडी एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त छोट्या पुष्कळ डिस्का एकत्र जोडाव्यात आणि त्यातली एखादी मेली तरी काम चालू राहावं, असा त्यांचा विचार होता. रेडमधला ‘आय’ मूळचा ‘स्वस्त’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा. म्हणजे ही कल्पना जन्मली तीच मुळी परवडण्याच्या विचारातून.

सगळ्यात सोपी पद्धत आरशाची. दोन डिस्का, दोन्हींवर तंतोतंत तेच. ४ टीबीच्या दोन घेतल्या तर जागा ४ टीबीच मिळते आणि एक मेली तरी दुसरी असते. चार डिस्कांची पद्धत जरा हुशारीची. समजा, तीन डिस्कांवर ५, ७ आणि ३ असे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज १५ लिहून ठेवली. आता ७ वाली डिस्क मेली, तर १५ मधून ५ आणि ३ वजा केले की ७ परत मिळतो. खरं गणित थोडं वेगळं असतं आणि बेरजेचा भाग सगळ्या डिस्कांवर वाटलेला असतो, पण युक्ती हीच. ४ टीबीच्या चार डिस्कांत १२ टीबी जागा मिळते आणि एक डिस्क मेलेली चालते. तिला रेड ५ म्हणतात. दोन मेल्या तरी चालावं असं वाटलं तर रेड ६, मग जागा ८ टीबी.

वाचायला चार खण छान वाटतात. पण आमचा आकडा १.६ टीबी होता. सहा-सात वर्षांची भर धरली तरी तीन टीबी. ४ टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर ३.६४ दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ने. तरीही ती पुरते. मग दोन खणांची पेटी आणि आरसा. उरलेल्या पैशांचं काय करायचं, ते पुढे सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

डिस्क घेताना एक बारकावा बघावा लागतो. काही डिस्कांमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. त्याला एसएमआर म्हणतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची कौलंही उचलावी लागतात, म्हणून पुन्हा लिहिताना डिस्क रखडते. मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून सगळं पुन्हा भरायचं असतं, तेव्हा हे फार नडतं. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्का अशा असल्याचं उघड झालं, तेव्हा जगभर ओरड झाली आणि कंपनीने यादी जाहीर केली. आता सीएमआर असं लिहिलेली डिस्क मागायची. त्या कंपनीची ‘रेड प्लस’ किंवा सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ घेतली तर तीन वर्षांची हमीही असते. दोन्ही डिस्का एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेऊ नयेत, असं जाणकार सांगतात. जुळ्या डिस्का एकदमच आजारी पडू शकतात.

पेटी कुठल्या डिस्का चालवून घेते, हेही आधी विचारावं. २०२५ साली सिनॉलॉजीने आपल्या नव्या काही पेट्यांत स्वतःच्या किंवा स्वतः मान्य केलेल्या डिस्काच लागतील असा नियम आणला. गिऱ्हाईक नाराज झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीला तो बराचसा मागे घ्यावा लागला. बैल घेताना वैरणही याच दुकानातून घ्यायची, असं कोणी म्हटलं तर आपण दोनदा विचार करतोच.

आता आमच्या भागाचा प्रश्न, उन्हाचा. जळगाव-भुसावळचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे, पारा ४५च्या पुढे जातो. नशिराबाद या दोन्हींच्या मधोमध, हायवेवर. उष्णतेबरोबर धूळही. बहुतेक हार्ड डिस्का ६० अंशांपर्यंत चालतील असं कंपन्या लिहितात, पण चालणं वेगळं आणि टिकणं वेगळं. गुगलच्या तिघा संशोधकांनी २००७मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. तापमानाचा परिणाम लोक समजतात तितका सरसकट नाही, पण जास्त उष्णतेत आणि जुन्या झालेल्या डिस्कांवर तो दिसतो, असं त्यात निघालं. त्याहून कामाची गोष्ट अशी की डिस्कने स्वतःची तपासणी करताना पहिली चूक नोंदवली, की पुढच्या साठ दिवसांत ती मरण्याची शक्यता ३९ पट वाढते. तयार पेटीत ही तपासणी दर महिन्याला आपोआप लावता येते आणि चूक निघाली की मेल येतो. आला की थांबायचं नाही, डिस्क बदलायची.

आम्ही पेटी माळ्यावर ठेवली नाही. पत्र्याखाली ती भाजली असती. खालच्या खोलीत, जिथे भिंत जाड आहे, तिथे लाकडी फळीवर, चारी बाजूंनी हवा लागेल अशी ठेवली. महिन्याला ब्रशने जाळी साफ करायची. वीज जाते तेव्हा घराला इन्व्हर्टर आहे, पण इन्व्हर्टर जागा होईपर्यंतच्या क्षणात पेटी बंद पडू शकते. म्हणून राउटर आणि पेटीला मिळून एक छोटा यूपीएस. त्याची यूएसबी केबल पेटीला लावली की बॅटरी संपत आल्यावर पेटी स्वतःहून नीट बंद होते. मृगाच्या आधी वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायचा आणि नेटवर्कची केबलसुद्धा काढायची. वीज तिच्यातूनही आत येते.

केबलवरून आठवलं. इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरची भोकं किती वेगाची आहेत ते बघा. ती १०० एमबीपीएसची असतील तर सेकंदाला ११-१२ एमबीच जातं आणि १.६ टीबी भरायला दीड दिवसाहून जास्त लागतो. गिगाबिटची असतील तर तेच काम चार-पाच तासांत होऊ शकतं. एक छोटा गिगाबिट स्विच घेतला की काम भागतं. त्याहून वेगवान पोर्टच्या पेट्या महाग असतात आणि घरच्या कामाला लागत नाहीत.

आता उरलेल्या पैशांची गोष्ट. आरसा म्हणजे राखीव प्रत, अशी पुष्कळांची समजूत असते. पण आरशासमोर तुम्ही हात हलवला की आरशातलाही हलतो. भाच्याने फोल्डर पुसलं की ते दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसलं जातं. चोर आला तर पेटीच घेऊन जातो. आणि पेटी थेट इंटरनेटला उघडी ठेवली तर चोराला यायचीही गरज नाही. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीच्या व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या हजारो पेट्या कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. म्हणून बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएन लावायचा, राउटरमध्ये दार उघडायचं नाही.

पीटर क्रॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने यावर एक साधा हिशेब रूढ केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. तो वाचताना मला वाटलं, हे आपल्याला नवीन कुठे आहे? मदरशात शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलंय की यमामाच्या लढाईत बरेच हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांच्या आग्रहावरून हजरत अबू बकर (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडून कुरआन एकत्र लिहून घेतलं. ती प्रत पुढे उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे राहिली. हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात तिच्यावरून नकला काढून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या गेल्या. छातीत एक, कागदावर एक आणि दूरच्या गावात एक. आपल्या फोटोंची बरोबरी मी अल्लाहच्या कलामाशी करत नाही, तौबा. पण जपायचं कसं, याची समज त्या माणसांना होती, एवढं म्हणतो. आणि आमच्या शेजारचे शेतकरी चाचा कधी दुसरं काय करत आले? खायचं धान्य कणगीत, पण बियाणं वेगळ्या मडक्यात, राखेत मिसळून, वेगळ्या खोलीत.

म्हणून चार खणांचे वाचलेले पैसे एका साध्या बाहेरच्या ४ टीबी डिस्कवर घातले. ती महिन्यातून एकदा पेटीला लागते, सगळं उतरवून घेते आणि भुसावळला आपाच्या घरी कपाटात जाते. पासवर्डशिवाय ती उघडत नाही, त्यामुळे हरवली तरी कोणाच्या हाती काही लागणार नाही. दादीचा आवाज आणि कागदांचे स्कॅन, एवढाच भाग पुण्याला धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरवर रोज रात्री आपोआप जातो. तो थोडा आहे, म्हणून इंटरनेटवरून जाऊ शकतो. जे हलकं आहे तेच सगळ्यात मोलाचं निघालं, हा आमचा नशिबाचा भाग.

प्रत घेतली म्हणजे झालं असंही नसतं. महिन्याला त्यातली कोणतीही पाच फाइली उघडून बघायच्या. उघडल्या तर प्रत आहे, नाहीतर नुसती डिस्क आहे. हे काम मी अब्बांकडे दिलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हजेरीपट तपासण्यात त्यांची हयात गेली. ते पाचाच्या ऐवजी वीस उघडतात आणि वहीत तारीख टाकून सही करतात.

शेवटचा खर्च एका कागदाचा. पेटी कुठली, डिस्का कुठल्या महिन्यात घेतल्या, पासवर्ड काय, पेटी मेली तर डिस्क काढून लिनक्सच्या कॉम्प्युटरवर कशी वाचायची आणि कोणाला फोन करायचा, हे एका पानावर मराठीत आणि मागे उर्दूत लिहून लोखंडी कपाटात ठेवलं. माझ्या नंतर हे कोणी सांभाळायचं, याचं उत्तर पेटीबरोबर येत नाही. ते घरातच तयार करावं लागतं.

हे ऐकून आमच्या मशिदीचे दोन विश्वस्त परवा आले. पोर्टलसाठी केलेले स्कॅन एका पेनड्राइव्हवर आहेत, ते तुमच्या पेटीत ठेवाल का, असं म्हणाले. जागा आहे, दोन टीबीहून जास्त मोकळी आहे. हो म्हटलं. पण ती अमानत आहे, तेव्हा अटी आधीच बोलून घेतल्या. स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये राहतील, त्याचा पासवर्ड त्यांच्याकडे असेल, ती फाइल मागितली त्या दिवशी मिळेल. आणि त्यांच्याकडचा पेनड्राइव्ह पुसायचा नाही.